धाब्याच्या खोलीतले ससे : नोंदी

५ नोव्हेंबर

दिवाळीचे फटाके संपले, आता कामाला लागायला हरकत नाही. ससे आणायचं पावसाळ्यातच ठरलं होतं. पण सुतळी बॉम्बच्या आवाजाने गाभण मादी बिथरते, व्यालेली असेल तर पिल्लं तुडवते. म्हणून थांबलो.

आधी जागा. दोन जागा आहेत : परसातला गुरांचा रिकामा पत्र्याचा गोठा आणि जुन्या घराची मागची धाब्याची (सपाट मातीच्या छताची) खोली. शेजारच्या जिभाऊंचा कौल पत्र्याला. "पत्रा शे, हवा शे, आनखी काय पाहिजे?" हवा आहे, कबूल. पण अमळनेरकडचा एप्रिल-मे आठवा. सशाला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्य साधन म्हणजे कान, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की कानही कामाचे नाहीत. तापमान पस्तिशीच्या वर जाऊन तिथेच राहिलं तर मोठा ससा धापा टाकायला लागतो, गाभण मादी तर हमखास जाते. आपल्याकडे पस्तीस म्हणजे होळीचं ऊन.

धाब्याच्या खोलीच्या भिंती मातीच्या, दीड हात जाड. वर सागाच्या कड्या, त्यावर काटक्या-पाला, त्यावर माती आणि सगळ्यात वर खारी (खारट माती). उत्तरेला झरोका आहे, समोर दार. झरोक्यासमोर आणखी एक मोकळं करून जाळी ठोकायची, म्हणजे वारं आरपार जाईल. बंद खोलीत सशाच्या मुताचा वास साठतो, डोळे चुरचुरतात, आणि त्याच वासाने सशांची नाकं वाहायला लागतात. ससेपालनाची जी माहितीपत्रकं हाती आली, त्यांत सगळीकडे पत्र्याचं नाहीतर सिमेंटच्या पत्र्याचं शेड काढलेलं. ते चित्र खानदेशात जसंच्या तसं उतरवू नये, एवढं माझं ठाम मत झालं आहे.

१० नोव्हेंबर

पिंजरे झाले. वेल्डमेश जाळी, अडीच फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच, जमिनीपासून कमरेइतके वर. पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. नुसत्या जाळीवर राहून सशाच्या मागच्या तळपायांना जखमा होतात, म्हणून प्रत्येक पिंजऱ्यात एक फळी टाकली. खाली लेंड्या पडतील तिथे माती आणि राख.

१७ नोव्हेंबर

आले. एक नर, तीन माद्या, नाशिककडच्या एका पाळणाऱ्याकडून, रात्रीच्या गाडीने, बांबूच्या टोपलीत. दोन माद्या न्यूझीलंड व्हाइट, लाल डोळ्यांच्या. तिसरी सोव्हिएत चिंचिला, राखी रंगाची. नर पांढरा आणि भलताच रुबाबदार. आमच्या धाकट्याने त्याचं नाव सरपंच ठेवलं. आबा म्हणाले, निवडून आलाय का बिनविरोध? माद्यांना नावं नाहीत : पांढरी, दुसरी पांढरी आणि राखी.

आबा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या मनात ससा म्हणजे रानातला, पारधीचा. तो वेगळा प्राणी. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, पिंजऱ्यातल्याची उघडी आणि आंधळी. रानसशाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं (१९७२) संरक्षण आहे, तो धरणं-मारणं गुन्हा आहे. हे गावात चारचौघांत सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर उद्या कोणी शेतातून पिल्लू उचलून "हे पण ठेवा" म्हणून आणायचं.

खाणं : लसूणघास, शेवग्याचा पाला, दादरच्या (रब्बी ज्वारीच्या) कडब्याचा पाला, आणि सोबत मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा, हरभऱ्याची चुनी, थोडं मीठ आणि क्षारमिश्रण. मोठ्या जनावराला दिवसाला मूठ-दीड मूठ भरडा पुरे, पोट भरायचं ते पाल्याने. सशाचे दात जन्मभर वाढतात. झिजवायला चोथा मिळाला नाही तर ते वाकडे वाढून तोंडच मिटत नाही. घरात म्हशीसाठी सरकीची पेंड पडलेली असते. ती मात्र सशाला नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, रवंथ करणाऱ्या जनावराचं मोठं पोट ते पचवून नेतं, सशाला ते बाधतं. सुबाभळीचा पालाही हात राखूनच, जास्त झाला की केस गळतात. कपाशीच्या बांधावरचं गवत तर कापायचंच नाही, काल कोणी काय फवारलं याचा पत्ता नसतो.

२७ नोव्हेंबर

मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीकडे नाही. स्वतःच्या जागेत मादी नराला फाडून काढते. पांढरी आणि दुसरी पांढरी, दोन्ही लागल्या. काम मिनिटाच्या आत. संपल्यावर सरपंच एक चीत्कार काढून कुशीवर धाडकन पडला. आबा दारातून बघत होते, "गेला का काय?" नाही, तसंच असतं. सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरावीक माज नसतो. लागल्यानंतर सुमारे दहा तासांनी बीज सुटतं. राखी कोपऱ्यात अंग चोरून बसली, शेपटी उचलेना. जबरदस्ती करायची नाही.

११ डिसेंबर

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पोट चाचपायला शिकवलं. चौदाव्या दिवशी मादीच्या ओटीपोटावर अंगठा आणि बोटं हलकी दाबून मागे सरकवली की गोट्यांच्या माळेसारखं लागतं. लेंड्याही तिथेच लागतात, पण त्या कडक असतात आणि पाठीच्या कण्याकडे. गर्भ मऊ, निसटता. दोन्ही भरल्या आहेत.

२५ डिसेंबर

अठ्ठाविसावा दिवस. सफरचंदाच्या लाकडी खोक्यांची एक बाजू कापून व्यायची खोकी केली. आत काय अंथरायचं यावर घरात चर्चा. कोठीत कापूस पडलेला, सासूबाईंनी दोन पसे आणलेही. परत पाठवला. कापसाचा धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला की काचतो, पाय काळा पडून गळतो. चघळला तर पोटात अडकतो. दादरचा मऊ पाला हाताने चोळून अंथरला. दुपारपर्यंत पांढरीने तोंडात पाल्याच्या पेंढ्या धरून आडव्या मिशा करून फिरायला सुरुवात केली.

२८ डिसेंबर

पहाटे दोघीही व्याल्या. पांढरीला सहा. दुसरीला आठ, त्यातलं एक खोक्याबाहेर जाळीवर पडून थंडगार झालेलं. आई पिल्लाला तोंडात धरून परत आत नेत नाही, कुत्री-मांजरीसारखं. बाहेर पडलं ते पडलं. थंडी चांगलीच आहे, हातातल्या कपातल्या चहाला साय धरते इतकी. पण खोक्यात हात घातला की आत ऊबदार. पोटाचे केस उपटून उपटून मादीने त्यांची गादी केली होती, आणि त्या गादीखाली सगळी जणं एकाच पुंजक्यात, हळूहळू हलणारी.

दुसरीचं एक पिल्लू पांढरीच्या खोक्यात सरकवलं. दोघी एकाच दिवशी व्याल्या की हा हिशेब जमतो, म्हणून तर जोडीने लावल्या.

३० डिसेंबर

सासूबाईंची तक्रार : आई पिल्लांकडे फिरकतच नाही, दूध नाही तिला, बाटलीने पाजा. नाही पाजायचं. सशाची मादी चोवीस तासांत एकदाच, फार तर दोनदा, खोक्यात उतरते आणि तीन-चार मिनिटांत पाजून निघून जाते. रानात पिल्लांजवळ बसून राहिली असती तर कोल्ह्याला पत्ता लागला असता. दूध प्यालंय का ते पोटाकडे बघून कळतं. सासूबाईंना कंदिलाजवळ एक पिल्लू उलटं करून दाखवलं. कातडी इतकी पातळ की आतला दुधाचा पांढरा पट्टा बरगड्यांखाली स्पष्ट दिसतो, पोट गोल, ताणलेलं. ज्याचं पोट सुरकुतलेलं ते उपाशी. "अगोबाई," म्हणाल्या, आणि मग एकेक करून सगळीच तपासली.

८ जानेवारी

डोळे उघडले. सगळ्यांचे दोन दिवसांच्या आत.

१४ जानेवारी

संक्रांतीला आलेल्या पाहुण्यांनी पहाटे सरपंचाला बुडाला तोंड लावून काहीतरी खाताना पाहिलं आणि "हा आजारी आहे" असं जाहीर केलं. आजारी नाही. सशाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. खाली पडतात त्या कोरड्या, आणि दुसऱ्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या. या दुसऱ्या तो थेट तोंडाने घेऊन गिळतो, त्यात ब जीवनसत्त्व आणि प्रथिनं असतात. गाय रवंथ करते, ससा असा. हे त्याने थांबवलं तर काळजी करायची.

२० जानेवारी

राखी आज आपणहून लागली. कोरड्या लेंड्या भरीताच्या वांग्यांना घालते आहे. शेणखतासारख्या मुरवाव्या लागत नाहीत, ताज्याच चालतात.

२ फेब्रुवारी

पिल्लं पाच आठवड्यांची, आईपासून तोडली. तेरा आहेत. आज बसून नर-मादी वेगळे केले : बोटाने हलकं दाबलं की नराचं गोल नळीसारखं बाहेर येतं, मादीचं चिरेसारखं. या वयात फसगत होते, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं आणि तोवर एकत्र ठेवायचं नाही.

आणि आता गिऱ्हाईक. बातमी गावात कशी फिरते कोण जाणे, दोन दिवसांत दहा जणांनी विचारलं. त्यातले खाण्यासाठी विचारणारे दोन, बाकी सगळे मुलांना खेळायला. "एकच द्या, पांढरंशुभ्र, लाल डोळ्यांचं." मी इथे माझं मत लिहून ठेवते. मटणासाठी ससा द्यायला मला काही जड जात नाही. पोटभर खाल्लं, सावलीत वाढला, एका क्षणात संपला. खेळण्यासाठी द्यायला जड जातं. तो मुलगा त्याला कानाला धरून उचलणार, बिस्किटं भरवणार, कोबीचा अख्खा गड्डा पुढे टाकणार, आणि पत्र्याच्या घरात खोक्यात ठेवून लग्नाला जाणार. ससा ओरडत नाही, तोंड वासून मदत मागत नाही. एके दिवशी सकाळी लांब होऊन पडलेला सापडतो. शिवाय उचलताना मागचा भाग मोकळा लटकला आणि त्याने जोराने लाथ मारली तर त्याची पाठ मोडते, तीही त्याच्याच ताकदीने. दहा वर्षांचं पोर आणि दोन किलोचा ससा ही जोडी दिसते तितकी सोपी नाही.

तरी नकार दिला नाही, अटी घातल्या. एक नाही, दोन न्यायचे, दोन माद्या. छप्पर पत्र्याचं असेल तर नाही. बिस्किट-चपाती बंद. धरताना एक हात छातीखाली, एक बुडाखाली. उन्हाळा सोसवत नसेल तर परत आणून द्या, पैसे मागू नका. पाच जण ऐकून निघून गेले. दोन घरांनी जोड्या नेल्या. जिभाऊ म्हणाले, "सूनबाई, तू ससा इकस का पोरगी देस?"

करारवाल्यांचाही फोन आला होता : आमच्याकडून महाग जोड्या घ्या, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ. परत विकत घेणाऱ्याने ती पुढे कुठे विकायची, हा प्रश्न विचारला की फोन लवकर संपतो. आठवडे बाजारात सशाला ठरलेला भाव नाही, ही या धंद्याची खरी अडचण. म्हणून माझ्या वहीत हा धंदा नाही, घरचं मटण आणि खत आहे.

१२ फेब्रुवारी

दुसरी पांढरी डोकं झटकत होती. कानात आत तपकिरी खपली, पापुद्र्यांच्या थरासारखी. कानातली खरूज. खपली ओरबाडून काढायची नाही, खाली कातडी सोललेली असते. डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली दिलं, दोन आठवड्यांनी पुन्हा. तिचा पिंजरा वेगळा, फळी चुलीत. कुत्र्याच्या गोचिडांसाठी घरात फिप्रोनिलचा फवारा आहे, तो सशावर चुकूनही नको, विषारी आहे. बाटलीवर लाल रंगाने फुली मारून ठेवली.

२० फेब्रुवारी

राखी व्याली. पाच, त्यात तीन राखी.

२३ मार्च

पहिल्या वेताचे नर बारा आठवड्यांचे. सगळ्यात मोठा १ किलो ८५० ग्रॅम भरला. आबांनी कापला, मी बघितलं, धाकट्याला आत्याकडे पाठवलं नव्हतं. तोही अंगणात होता आणि त्याने पाणी ओतलं. सशाचं कातडं कोंबडीच्या पिसांपेक्षा सोपं, मागच्या पायांपासून मोज्यासारखं उतरतं. साफ झाल्यावर ९३० ग्रॅम, म्हणजे निम्मं.

मटण फिकट गुलाबी, चरबी जवळजवळ नाहीच. इथेच बायका फसतात : बोकडाच्या हिशेबाने शिजवलं तर चिंध्या होतात. भाजलेला कांदा, खोबरं, काळा मसाला तोच, पण तेल दीडपट आणि आच मंद, झाकणात पाणी ठेवून. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीबरोबर. आबांनी दुसऱ्यांदा रस्सा घेतला आणि म्हणाले, रानातल्याला वास होता, याला नाही. ही तक्रार की कौतुक, समजलं नाही. जिभाऊंकडे वाटी पाठवली. वाटी रिकामी परत आली, सोबत गूळ.

२७ मार्च

राखीची पिल्लं तोडली. आता माद्या लावणं बंद. एप्रिलमध्ये लावली तर मेमध्ये व्यायला येणार, आणि चाळिशीपुढच्या हवेत मोठं पोट घेऊन मादी जगत नाही. नराचंही बीज उन्हात मरतं. इथे वर्षाची आखणी उन्हाळा करतो : भादव्यानंतर सुरुवात, फाल्गुनात शेवट.

पैदाशीसाठी माद्या ठेवल्या दोन. बाकी नर एकेक करून खाऊन संपवायचे, उन्हाळ्यात खोलीत गर्दी नको.

२४ एप्रिल

दुपारी तीन वाजता एकाच थर्मामीटरने तीन ठिकाणी मोजलं. अंगणात निंबाखाली ४३. पत्र्याच्या गोठ्यात ४६. धाब्याच्या खोलीत ३४, झरोक्यांना ओली गोणपाटं लावल्यावर ३१. जिभाऊंना आकडे दाखवले. "आपलं ऊन माणूसले सोसात नही, तठे ससाले काय सोसाई," एवढंच म्हणाले, पत्र्याचा विषय निघाला नाही.

गोणपाटांची एक गोष्ट : दार बंद करून गोणपाट भिजवलं तर खोली थंड होण्याऐवजी दमट होते, आणि दमट उकाडा सशाला कोरड्या उन्हाइतकाच वाईट. वारं वाहत असेल तरच ओलं गोणपाट कामाचं. पिंजऱ्यात फळीऐवजी भिजवलेलं कौल ठेवलं आहे. राखी त्याच्यावर पोट टेकून, मागचे पाय लांब सोडून पडते. दुपारचा भरडा बंद, तो आता रात्री नऊला. पचनाची उष्णता तरी थंड वेळेला होऊ दे.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरवाशिणी आल्या, झोके बांधले. त्यातच फेब्रुवारीत जोडी नेलेल्या घरचे टोपली घेऊन दारात : "आमच्याकडे स्लॅब तापतो, पावसापर्यंत ठेवता का?" म्हणजे याही दोघी आखाजीला माहेरी. अंग, कान, नाक बघून ओसरीच्या दुसऱ्या टोकाला दोन आठवडे वेगळ्या ठेवते आहे, लगेच सगळ्यांत नाही.

१५ मे

दुपारभर वीज नव्हती. सरपंच नाकपुड्या फाकवून, मान वर करून धापत होता, ओठ ओले. हे लक्षण दिसलं की तासाभराची गोष्ट असते. कान पाण्याने ओले केले, सबंध अंग भिजवायचं नाही, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली कुशीला लावली. तासाने श्वास खाली आला. त्या रात्री फ्रीजमध्ये बाटल्यांची संख्या वाढवली. पाहुण्यांना सरबतात बर्फ मिळाला नाही, त्याबद्दल बोलणी मी खाल्ली.

२२ जून

पाऊस. धाबं एका कोपऱ्यात गळतं आहे. मेअखेर खारी टाकली होती, पण परनाळ्याजवळ वाहून गेली. पिंजरे सरकवले. पावसाळ्यातला शत्रू वेगळा, ओला चारा. लसूणघास आदल्या संध्याकाळी कापून सुकवायचा. दोन पिल्लांना हगवण लागली, कॉक्सिडिया (आतड्यातले परजीवी) निघाला, औषध पाण्यातून सुरू. जाळीखालची माती रोज ओढायची आणि चुना.

२० जुलै

६ तारखेला पांढरी लावून पाहिली होती. लागली, सरपंच नेहमीसारखा धाडकन पडलाही. आज चाचपलं, रिकामी. उन्हाने मेलेलं बीज नव्याने तयार व्हायला दोन महिन्यांच्या आसपास लागतात. मादीला दोष देऊन विकू नये. आबांनी सुचवलं तसं नवा नरही आणू नये, ऑगस्टअखेरपर्यंत थांबावं.

१२ सप्टेंबर

२९ ऑगस्टला लावलेल्या पांढरी आणि राखी, दोघी भरल्या. खोकी २६ तारखेला ठेवायची. हिशेबाने २९-३० ला व्यायला हव्यात. चौकात तेव्हा नवरात्राचा भोंगा असेल, पण भिंतीतून आवाज दबून येतो. दिवाळीच्या फटाक्यांपर्यंत पिल्लं तीन आठवड्यांची होऊन खोक्याबाहेर पडलेली असतील, तुडवायची भीती नाही. स्लॅबवाल्यांनी त्यांची जोडी अजून नेलेली नाही. विचारलं तर म्हणतात, ऑक्टोबर हीट जाऊ द्या.